एकशे अठ्ठाविसावा अलार्म

पत्र आमच्याच कंपनीचं होतं, आणि माझ्या धाकट्या जावेने ते माझ्या ताटाशेजारी आपटलं. पाण्याचा पेला कलंडला. नवरा फडकं आणायला उठला आणि बराच वेळ परतलाच नाही. आमच्या घरातल्या पुरुषांना फडकी नेमकी अशाच वेळी सापडत नाहीत.

"वाचा, ताई," ती म्हणाली.

मी वाचलं. जाऊ डायलिसिसच्या वॉर्डात तंत्रज्ञ आहे, बारा वर्षं झाली. डायलिसिसची मशीनं बनवणाऱ्या कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासते, नऊ वर्षं झाली. तिच्या वॉर्डातली सहाही मशीनं आमची. तीन आठवड्यांपूर्वी त्यातलं एक, माणूस जोडलेला असताना, अडकलं. पडदा गोठला, रक्ताचा पंप थांबला. माणूस म्हणजे एक म्हातारे शिंपी, आठवड्यातून तीनदा येणारे. जावेने पंपाचं झाकण उघडलं, हँडल लावलं आणि हाताने पंप फिरवून त्यांचं रक्त त्यांच्या अंगात परत घातलं. बरंचसं परत गेलं, उरलेलं नळ्यांत गोठलं. शिंपीकाका बेशुद्ध पडले, चार दिवस अतिदक्षता विभागात होते, वाचले. घरच्यांनी तक्रार केली, रुग्णालयाने चौकशी समिती नेमली आणि समितीने कंपनीचा अभिप्राय मागवला. तोच हा अभिप्राय.

'मशीन दररोज सकाळी सहा वाजता बंद करून पुन्हा चालू करण्याची सूचना संबंधित तंत्रज्ञाने सलग दोन दिवस पाळलेली नाही. मशीनमध्ये दोष आढळून आलेला नाही.'

"खरं आहे हे?" मी विचारलं. "दोन दिवस बंद-चालू केलं नव्हतंस?"

"एक मशीन दुरुस्तीला गेलं होतं. पाचांवर सहांचं काम चाललं होतं. एक माणूस उठला की दुसरा झोपवायचा. बंद-चालू करायचं म्हणजे वीस मिनिटं ते स्वतःलाच तपासत बसतं. तेवढ्या वेळात बाहेर बाकावर धापा टाकत बसलेल्या माणसाला काय सांगू? श्वास जरा जपून घ्या?"

"पण सूचना होती ना."

हे मी म्हणाले. आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी इतरांना बरंच काही बोलणार आहे.

तिने ते ओलं पत्र उचललं. "गुरुवारी अकराला समिती आहे. नोकरी जाईल, नोंदणीही जाईल. मग तुमच्याकडेच भांडी घासायला येते." एवढं बोलून ती जिना चढून गेली. धाकटं बिऱ्हाड वर, आमचं खाली. वरचं दार असं आदळलं की आमच्या दिव्याची कडी हलली.

मी तणतणले. आमच्या मशीनवर बोट दाखवतेय म्हणजे काय? नवरा अखेर फडकं घेऊन आला तेव्हा त्यालाही ऐकवलं. तो म्हणाला, "रोज सकाळी बंद-चालू करायला लागतं? आपला टीव्हीसुद्धा तसा नाही."

नवरा पोस्टात आहे. त्याला यातलं काही कळत नाही, आणि नेमकं बोट त्यानेच ठेवलं. त्या मशीनची माहितीपुस्तिका मी अक्षर न् अक्षर तपासली आहे, दोनशे चौदा पानं. रोज सकाळी सहाला बंद-चालू करा असं त्यात कुठेही नाही. मग ही सूचना आली कुठून? आणि मुळात लागते कशाला? ज्या सॉफ्टवेअरला रोज झोपवून उठवावं लागतं, त्याचं दुखणं नव्वद टक्के वेळा एकच असतं. ते मेमरी मागून घेतं आणि परत करायला विसरतं. आज थोडी, उद्या थोडी. मशीन बंद केलं की सगळी एकदम मोकळी होते आणि गडी पुन्हा ताजातवाना. म्हणजे गळती होती, कोणाला तरी ती माहीत होती, आणि त्या कोणीतरी ती बुजवायच्या ऐवजी माझ्या जावेच्या हातात रोज सकाळी पुसायचं फडकं दिलं होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. आता रोख बदलला होता, एवढंच.

शनिवारी ऑफिस बंद असतं, मी तरी गेले. आमच्याकडे एक हत्यार आहे, त्याला आम्ही पहारेकरी म्हणतो. तो आपल्या प्रोग्रामच्या मानगुटीवर बसतो, त्याला दहापट हळू चालवतो आणि मेमरीचा प्रत्येक तुकडा कोणी मागितला, कोणी परत केला, हे टिपून ठेवतो. शेवटी न परतलेल्या तुकड्यांची तक्रार करतो. फार इमानी, पण फार कटकट्या. आमच्या मशीनचा पडदा रंगवणारा भाग आम्ही दुसऱ्या कंपनीकडून विकत घेतलेला आहे, आणि त्या भागाबद्दल पहारेकरी सुरुवातीला तीनशेवर तक्रारी करायचा. त्या भागाने चालू होताना एकदाच घेतलेली मेमरी, ना वाढणारी, ना त्रास देणारी. पण आमच्या साहेबांना मशीन बाजारात जाण्याआधी तक्रारींचा आकडा शून्य लागतो. एक चालत नाही, शून्यच. आम्ही त्यांना शून्यसाहेब म्हणतो. म्हणून मग आमच्याकडे गप्प यादी निघाली. ज्या तक्रारीत राम नाही ती यादीत लिहायची, पुढे कारण आणि आपली आद्याक्षरं घालायची, की पहारेकरी त्या बाबतीत पुन्हा तोंड उघडत नाही.

मी गप्प यादी काढून टाकली आणि पहारेकऱ्याला मोकळा सोडला. चाचणीही आमची नेहमीची तासाभराची ठेवली नाही. वॉर्डात होतं तसंच केलं: अलार्म वाजू दे, 'आवाज बंद' दाब, अलार्म आपोआप जाऊ दे, पुन्हा वाजू दे. दुपारी अडीचपर्यंत हेच. चहा तीनदा गार झाला.

तीनशे अकरा तक्रारी आल्या. तीनशे दहा जुन्याच, जिथल्या तिथे. एक मात्र प्रत्येक अलार्मला वाढत होती. अलार्मची लाल चौकट पडद्यावर येते तेव्हा तिच्याखाली झाकलेल्या चित्राची एक प्रत काढून ठेवतात, म्हणजे चौकट गेल्यावर खालचं चित्र परत लावता येतं. 'ठीक आहे' दाबलं तर ती प्रत सोडून दिली जात होती. 'आवाज बंद' दाबून अलार्म आपोआप गेला तर नाही. दर वेळी पाऊण मेगाबाइट. मशीनमध्ये मोकळी मेमरी शहाण्णव मेगाबाइट. एकशे अठ्ठाविसाव्या वेळी खलास. आणि 'आवाज बंद' कोण दाबत नाही? सहा माणसं, सहा मशीनं, प्रत्येक नळीला जरा बाक आला की कर्कश बोंब. वॉर्डातली कुठलीही शहाणी बाई पहिल्यांदा तेच बटण दाबेल.

आता मला एकच हवं होतं. मशीन बाजारात गेल्यापासून चार वर्षं ही तक्रार गप्प कशी बसली? कोणी बसवली? मी गप्प यादी उघडली आणि त्या शहाण्याची आद्याक्षरं शोधायला लागले. मनात त्याची पूजा बांधूनच ठेवली होती. ऑफिसात पाठीमागे मला सायरन म्हणतात, ते काही उगाच नाही.

ओळ सापडली. 'पडद्याचा भाग, चित्राची प्रत, मागणारा कोणीही.' कोणीही. म्हणजे विकत घेतलेल्या भागाने स्वतःसाठी काढलेली प्रतही गप्प, आणि आमच्या अलार्मने त्याच्याकडून मागून घेतलेली प्रतही गप्प. नवशिक्यांना मी पहिल्या दिवशी दम देते की यादीत 'कोणीही' लिहाल तर हात तोडीन. पुढे कारण होतं: 'विकत घेतलेल्या भागातलं. आपलं नाही.' आणि आद्याक्षरं माझी.

मला तो दिवस आठवतही नाही. तीनशे तक्रारी होत्या, साहेब पाठीशी उभे होते, मी वैतागले असणार. तिथे बसून मी स्वतःला मोठ्याने दोन शिव्या घातल्या. साफसफाईच्या बाई डोकावून गेल्या.

रविवारी सकाळी मी वर गेले. महिनाभरात त्या जिन्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. दीर दार उघडून लगेच आत सटकला.

"मशीनची नोंद आहे तुझ्याकडे?" मी विचारलं. "प्रत्येक अलार्मची?"

तिने कपाटातून कागदांची गुंडाळी काढली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती पसरली, दोन टोकांना दोन डबे ठेवले. शेवटचं बंद-चालू कधी झालं त्या ओळीवर तिने आधीच पेन्सिलची रेघ मारलेली होती. तिथून मी 'आवाज बंद'च्या ओळी मोजायला लागले, ती माझ्यामागून मोजायला लागली. माझं पंचाहत्तरला चुकलं, तिचं चुकलं नाही.

"एकशे अठ्ठावीस," ती म्हणाली. "त्याच्यानंतर ओळच नाही. शिंपीकाका."

मग मी तिला सगळं सांगितलं. प्रत, पाऊण मेगाबाइट, गप्प यादी. ती ओळ माझी आहे हेही सांगितलं. ओरडेल, डबा फेकेल, काहीतरी करेल अशी माझी तयारी होती. ती कागद गुंडाळत राहिली.

"साहेबांना माहीत आहे?"

"उद्या सांगते."

"हं," ती म्हणाली. त्या 'हं'चा मला इतका राग आला की मी चहासुद्धा घेतला नाही. भांडायला आलेल्या माणसाशी भांडायचं नाही, ही कुठली रीत?

सोमवारी शून्यसाहेबांच्या खोलीत मी दार न वाजवताच शिरले. गळतीचा आलेख, यादीतली ओळ, वॉर्डातली नोंद, सगळं त्यांच्यापुढे टाकलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"दुरुस्तीवाल्यांना वॉर्डांतून फोन यायचे, पडदा मंदावतो म्हणून. बंद-चालू केलं की ठीक व्हायचा. मग आपण मशीनांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, रोज सकाळी सहाला बंद-चालू करा म्हणून. ही घटना झाल्यावर मी नीट शोधून घेतलं, त्या वेळी तुझी ओळ सापडली." त्यांनी आवाज खाली आणला. "तुझं नाव मी बाहेर येऊ दिलेलं नाही. पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करू. अभिप्राय मी विचार करूनच लिहिला आहे."

"तीन आठवडे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही 'दोष आढळला नाही' असं लिहून दिलंत?"

"तुला वाचवलं मी."

"मी सांगितलं होतं वाचवायला?"

"ती तुझी जाऊ आहे ना? मग तर तू बोलूच नकोस. नात्यापायी बोलते म्हणतील. आणि ओळ तुझी. दोन्हीकडून तूच अडकशील."

इतकं मवाळ बोलणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. माझ्या चुकीची शाल करून माझ्याच खांद्यावर घालत होते, आणि वर उपकार. मी त्यांना काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. खोलीबाहेरच्या बारा जणांनी ऐकलं, तेवढं पुरे. मी बाहेर पडताना त्यांनी सांगितलं की गुरुवारी मी रजा घेतली तर ती मंजूर होणार नाही. मी म्हणाले, नका करू.

समितीची खोली म्हणजे रुग्णालयाची जुनी ग्रंथालयाची खोली होती. लांब टेबल, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. अध्यक्ष म्हणून एक ज्येष्ठ डॉक्टरबाई, त्यांच्या दोन बाजूंना दोन डॉक्टर, कोपऱ्यात टंकलेखन करणारा कारकून. कंपनीतर्फे शून्यसाहेब. जाऊ इस्त्री केलेल्या गणवेशात, हात मांडीवर ठेवून. मला बघून साहेब उठले.

"या आमच्या वतीने आलेल्या नाहीत."

"अजिबात नाही," मी म्हणाले. "पण या मशीनचं सॉफ्टवेअर मी तपासते, आणि या अभिप्रायात लिहिलंय ते खोटं आहे."

डॉक्टरबाईंनी मला बसायला सांगितलं. मी उभ्यानेच बोलले. मेमरीतलं ज्यांना काही कळत नाही त्यांना कळेल असं सांगितलं, कारण चार दिवस मी नवऱ्यावर तालीम केली होती. पहारेकरी सांगितला, गप्प यादी सांगितली, ती ओळ वाचून दाखवली, आद्याक्षरं कोणाची तेही सांगितलं. मशीनची नोंद टेबलावर पसरली आणि डाव्या बाजूच्या डॉक्टरांना म्हणाले, मोजा. त्यांनी मोजलं. एकशे अठ्ठावीस.

साहेब खाकरले. "गळती होती असं घटकाभर मानू. पण ती कशी टाळायची हे वॉर्डाला सांगितलेलं होतं. चिठ्ठी मशीनवरच आहे. मशीन मंदावतं हे तंत्रज्ञांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं. मग त्यांनी दोष कळवला का नाही? आमच्याकडे एकही तक्रार नोंदलेली नाही. फोनवर बोलणं म्हणजे तक्रार नव्हे."

यावर डॉक्टरबाई जावेकडे वळल्या. त्यांचा स्वर कडक नव्हता, आणि म्हणूनच मला भीती वाटली. "वॉर्डाचा नियम तुम्हाला माहीत आहे. यंत्रात दोष दिसला तर तो कळवायचा, नाहीतर हलगर्जीपणा धरला जातो. तुम्हाला दोष दिसत होता. तुम्ही तो कंपनीतल्या कोणाला कळवला होता का?"

"लेखी नाही," जाऊ म्हणाली.

"तोंडी?"

ती समोरच्या कपाटाकडे बघत राहिली. कारकुनाची बोटं कळांवर थांबली.

आणि मला आठवलं. दोन वर्षांपूर्वीची एक दुपार, सुट्टीचा दिवस, दोन्ही बिऱ्हाडं आमच्याकडे जेवायला. ती म्हणाली होती, "ताई, तुमची मशीनं संध्याकाळपर्यंत फार जड होतात हो, बटण दाबलं की विचार करत बसतात." आणि मी म्हणाले होते, "तुमच्या वॉर्डात बटणं बोटांनी दाबतात की कोपरांनी?" सगळे हसले होते. तीही हसली होती. मी वाढून घेतलं होतं.

ती माझ्यापायी गप्प होती. बारा वर्षांची नोकरी पणाला लागली होती आणि ही बया घरातल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही म्हणून कपाटाची दारं मोजत होती. मला तिचा असा संताप आला की साहेबांचाही आला नव्हता. असलं वाचवून घेणं मी एकदा फेकून दिलं होतं, तेही याच आठवड्यात.

"कळवला होता," मी म्हणाले. "माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी, जेवताना. मी तिची थट्टा केली आणि विसरून गेले. कंपनीत मशीनच्या गळत्या पकडायचं काम माझंच आहे, म्हणजे योग्य माणसाकडेच कळवला होता. लिहून घ्या."

साहेब म्हणाले, "घरगुती बोलणं..."

"किती तारखेला, काही आठवतं?" डॉक्टरबाईंनी मला विचारलं.

"तारीख नाही आठवत. एकदाच बोलली होती ती, पण बोलली होती."

"एकदा नाही," जाऊ म्हणाली.

ती अजून कपाटाकडेच बघत होती. आवाज मात्र सरळ होता.

"तीनदा. एकदा जेवताना. एकदा जिन्यात, तेव्हा यांच्या कानाला फोन होता, यांनी मान हलवली. आणि एकदा मी पडद्याचं चित्रण करून पाठवलं होतं. वर लिहिलं होतं, ताई, हे तुमच्या ऑफिसात दाखवा."

मला जिना आठवेना. चित्रण आठवेना. मी फोन काढला, आमच्या दोघींच्या संदेशांतून वर वर सरकत गेले. दुधाचा निरोप, किल्लीचा निरोप, सासूबाईंच्या औषधांची वेळ, पुन्हा दूध. मग ते आलं. मी ते चालू केलं आणि खोलीत वॉर्डाचा आवाज भरला. एक बोट 'आवाज बंद' दाबतं, पडदा तसाच राहतो, एक, दोन, तीन, चार सेकंद, अलार्म कोकलत राहतो, मग एकदाचा थांबतो. खाली तिचा निरोप. त्याच्या खाली, तीन मिनिटांनी, मी पाठवलेला अंगठा.

डॉक्टरबाईंनी हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी ते दोनदा बघितलं, तारीख कारकुनाला वाचून दाखवली.

"हा अंगठा," त्यांनी विचारलं, "आम्ही काय समजायचा?"

"तक्रार मिळाली, असा," मी म्हणाले. "एक वर्ष सात महिन्यांपूर्वी मिळाली. आणि कंपनीने काही केलं नाही."

कारकुनाने नाव आणि हुद्दा विचारला. मी दोन्ही सांगितलं. त्याला नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा सांगितलं, मोठ्याने. जाऊ तेव्हा कुठे कपाटावरून नजर काढून माझ्याकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर उपकार मानल्याची एक रेषसुद्धा नव्हती.